शेतातल्या फोनला दिशेची बटणं हवीत की नुसता टच पुरे?

रावेरचा बागायतदार
केळीची कापणी केलेल्यांना चीक काय असतो ते सांगायला नको. घड उतरवताना बोटं चिकट होतात, वाळलं की काळं पुट धरतं. अशा हातानं टचवर नावांची यादी सरकवून पाहा. एक तर ती हलत नाही, नाही तर भलत्यालाच फोन लागतो. आजकालच्या टचच्या काचेला दाब कळत नाही, बोटामुळे विद्युतभारात पडणारा फरक कळतो. म्हणून पाण्याच्या थेंबानंही ती फसते, आणि फवारणीचा जाड हातमोजा घातला की बोट ओळखतच नाही. बटणाला यातलं काही लागत नाही. शेतात वापरायच्या फोनवर चार दिशांची बटणं राहिलीच पाहिजेत.

शहाद्याची अंगणवाडीताई
दादा, तुमचा चीक मान्य, पण आमचं काम बघा. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या सरकारी अ‍ॅपवर मुलांची यादी असते. बोटाचा एक झटका दिला की ती सरसर पुढे जाते, हवं तिथे बोट टेकवलं की थांबते. बटणानं एकेक नाव दाबत बसले तर वजनं कधी घ्यायची? शिवाय माझ्या सासूबाईंना वाचता येत नाही, तरी फोटो सरकवत त्या नातवाचा चेहरा शोधून बरोबर त्यालाच फोन लावतात. बटणाच्या फोनमधली नावांची यादी त्यांना कधीच जमली नाही.

धुळ्याचा दुरुस्तीवाला
दुकानात दोन्ही येतात. बटणाच्या फोनमध्ये खालची दिशा आणि मधलं ओके आधी जातं, कारण सगळा मार त्यांच्यावरच. आपल्याकडची धूळ आत शिरली की दाबूनही लागत नाही. पण ते थोड्या खर्चात दुरुस्त होतं, काच फुटली की गिऱ्हाईक खर्च ऐकून परत जातं.

हे चार दिशांचं, अधिकच्या खुणेसारखं बटण निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीच्या गुनपेई योकोईंनी १९८२ मध्ये हातातल्या गेमसाठी आणलं. न बघता अंगठ्याला दिशा कळते, ही त्याची खरी ताकद. २०१७ च्या जिओफोनलाही चार दिशांचंच बटण होतं. मात्र लांबलचक यादी किंवा नकाशा असेल तर टचच. २००७ च्या आयफोननं बोट उचलल्यावरही यादी घसरत ठेवली, ती सोय बटणाला येणार नाही. ताईंशी मी सहमत.

रावेरचा बागायतदार
अहो, ती घसरणच नडते! घाईत यादी थांबवायला बोट टेकवावं आणि तेवढ्यात दुसरंच काही उघडावं. आमची लाईट रात्रीची. ठिबकचा पाईप फुटला की अंधारात, ओल्या हातानं मोबाईल स्टार्टरला फोन लावून मोटार बंद करायची असते. पाचच्या बटणावर उंचवटा असतो, त्यावरून बाकीचे आकडे चाचपून सापडतात. काचेवर काय चाचपणार?

चोपड्याचा कापूसवाला
भो, मे महिन्यातलं ऊनही धरा. फोन तापला की स्क्रीन आपोआप अंधूक होते. बटण निदान जागेवर तरी असतं.

शहाद्याची अंगणवाडीताई
मग ई-पीक पाहणी, म्हणजे सरकारी अ‍ॅपवर पिकाची नोंद, ती कशावर करता, दादा? पिकाचा फोटो काढायचा असतो त्यात.

रावेरचा बागायतदार
पोराच्या टचवर, ताई. दिवसा, हात धुऊन. मोटार बंद करताना हात धुवायला वेळ नसतो.