मदत हवी आहे: बायपासआधीचा डोब्युटामिन स्ट्रेस इको (डोब्युटामिन औषधाने हृदयाला जोर लावत केलेली सोनोग्राफी) कसा वाचावा?

देवगडकडचा रुग्ण, वय ६१, वजन ६० किलो. तीन महिन्यांपूर्वी मोठा अटॅक, हृदयाचं पंपिंग (इजेक्शन फ्रॅक्शन) ३० टक्के, अँजिओग्राफीत तिन्ही नळ्यांत ब्लॉक. छातीत दुखत नाही, घाटी चढताना दम लागतो. हृदयाच्या भिंतीचे ८ सेगमेंट (भाग) बंद. दर किलोला मिनिटाला १० मायक्रोग्रॅम डोब्युटामिनला त्यातले ५ हलू लागले, ३० ला पुन्हा थंडावले. हृदयाच्या टोकाकडचे ३ शेवटपर्यंत ढिम्म. रिपोर्टवर फक्त 'व्हायबल' (स्नायू जिवंत). मेटोप्रोलॉल (बीटा ब्लॉकर, ठोके मंदावणारी गोळी) त्या सकाळीही घेतलेली. बायपासला मुंबईला पाठवण्याआधी टेस्ट पुन्हा करावी का?

प्रतिसाद १: कमी डोसला सुधारणं आणि जास्त डोसला बिघडणं, हा बायफेजिक (दोन टप्प्यांचा) प्रतिसाद. स्नायू जिवंत आहे, पण जास्त काम मागितलं की रक्त पुरत नाही. रक्तपुरवठा सुरू झाल्यावर सुधारण्याची सर्वांत चांगली खूण हीच. नुसता 'व्हायबल' शेरा यासाठीच अपुरा. कोणता सेगमेंट कोणत्या डोसला काय करतो, तो तक्ता मागून घ्या. ४-५ सेगमेंट असे असतील तर पंपिंग वाढण्याची आशा बरी. बंद सेगमेंटची जाडीही मोजा: ६ मिमीपेक्षा पातळ भिंत बहुधा व्रणच असते.

प्रतिसाद २: बीटा ब्लॉकरमुळे कमी डोसचा प्रतिसाद दबतो. इथे गोळी असूनही ५ सेगमेंट हलले, म्हणजे तेवढ्यावर भरवसा ठेवा, शंका टोकाबद्दलच. पुन्हा करायचीच तर गोळी कार्डिओलॉजिस्टच्या सांगण्यावरूनच थांबवा, नाहीतर अरिदमिया (ठोक्यांची गडबड) उलटायची. औषध सोडणाऱ्या सिरिंज पंपाचं गणितही तपासा: २५० मिग्रॅ ५० मिलीत केलं, तर ६० किलोला ५ मायक्रोग्रॅम म्हणजे ताशी ३.६ मिली, १० म्हणजे ७.२. वजन अंदाजाने टाकलं की सगळे टप्पे चुकतात. घाईने डोस चढवला तर मधली सुधारणा निसटते. प्रत्येक टप्प्याला किमान ३ मिनिटं द्या.

धागाकर्ता: तक्ता मिळाला. समोरची भिंत ८ मिमी, टोक ५. मग टोकासाठी एमआरआय?

प्रतिसाद १: एमआरआयच्या गॅडोलिनियम डायआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्तचाचणी) बघा. व्रण निम्म्या जाडीपेक्षा जास्त निघाला तर ते टोक सुधारण्याची शक्यता कमीच. पण एमआरआयसाठी बायपास लांबवू नका. स्टिच चाचणीच्या (कमजोर हृदयात बायपास विरुद्ध फक्त औषधं, असा अभ्यास) २०११ च्या विश्लेषणात, व्हायबिलिटी पाहून बायपासचा फायदा कोणाला होईल हे ठरवता आलं नाही. तिन्ही नळ्या आणि ३० टक्के पंपिंग, हा निर्णय सर्जनसोबत बसूनच करा. पंपिंगची तुलना ३ ते ६ महिन्यांनी, त्याच मशिनवर.