प्रतिसाद: केवळ बंदरावरची तपासणी पुरेशी नाही
बंदरावर तपासणी कडक केली की परदेशातून येणाऱ्या धोकादायक खेळण्यांचा प्रश्न मिटेल, असे एक मत मांडले गेले आहे; ते मला अपुरे वाटते. २००७ मध्ये मॅटेल या अमेरिकी खेळणी कंपनीने शिसेयुक्त रंगाची खेळणी परत मागवली, तेव्हा दोष चीनमधील पुरवठादारांच्या रंगात होता. खोक्यात बंद होऊन आलेल्या प्रत्येक खेळण्याचा रंग खरवडून पाहणे कोणत्याही सीमाशुल्क खात्याला झेपणारे नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिका व चीन यांच्या यंत्रणांनी निर्यातीच्या खेळण्यांत असा रंग वापरू न देण्याचे ठरवले, ते यामुळेच. युरोपीय संघाची पद्धत मला अधिक उपयुक्त वाटते: एका सदस्य देशात धोकादायक वस्तू सापडली की इशारा सर्वांना जातो, आणि वस्तू चिनी असल्यास २००६ पासून चीनलाही कळवले जाते, म्हणजे कारखान्यापर्यंत माग काढता येतो. अर्थात, वेष्टनावर उत्पादकाचे नावच नसेल, तर हा माग काढणे फार अवघड होते.