एमसीए की एमएस्सी कॉम्प्युटर सायन्स? आणि विद्यापीठाच्या डिपार्टमेंटला वेगळं काय मिळतं?

संगमनेरकर_०४

नमस्कार मंडळी. मी संगमनेरला बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुणे विद्यापीठाचंच कॉलेज. पुढचं काही ठरत नाहीये, घरी सगळे म्हणतात एमसीए कर नोकरी लागते, आणि आमचे एक सर म्हणतात एमएस्सी कर आणि जमलं तर थेट विद्यापीठाच्या डिपार्टमेंटला, म्हणजे पुण्यात गणेशखिंडला प्रयत्न कर. मला ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय मनापासून आवडलाय पण आमच्याकडे प्रॅक्टिकल म्हणजे सी भाषेत राउंड रॉबिनचा (प्रत्येक प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रामला, पाळीपाळीने थोडा वेळ द्यायचा) प्रोग्राम लिहायचा, आउटपुट काढायचं आणि जर्नलवर सही घ्यायची, एवढंच. बाबांचं किराणा दुकान आहे. पुण्यात दोन वर्षं खोली आणि मेसचा खर्च करायचा तर तिथे जाऊन नेमकं काय मिळणार ते मला त्यांना नीट सांगता आलं पाहिजे. कोणी शिकलं असेल तर सांगा प्लीज.

रात्रीची_लॅब

मी एका विद्यापीठाच्या डिपार्टमेंटमधून एमएस्सी केलंय, आता सिस्टिम्समध्येच काम करते. तुझ्या राउंड रॉबिनवरूनच सांगते. आम्हाला एक्सव्ही-६ दिलं होतं, एमआयटीने शिकवण्यासाठी लिहिलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टिम, अख्खा सोर्स कोड वाचून होतो एवढीच. त्यात आपला एक सिस्टिम कॉल (प्रोग्रामने ऑपरेटिंग सिस्टिमकडे काम मागायची सोय) घालायचा, चालू प्रोसेसची यादी छापणारा. मी लिहिला, चालवला, यादी अगदी बरोबर आली, आणि प्रोग्राम संपता संपता स्क्रीनवर पॅनिक, म्हणजे सिस्टिमच थांबली, पुढे एकच शब्द, ॲक्वायर (लॉक घेणारं फंक्शन). दोन दिवस काही सुचेना. मग लॅबमधल्या एका सिनियरने शेजारी बसून विचारलं, प्रोसेस टेबलचं लॉक (एका वेळी एकानेच ते वापरावं म्हणून असलेलं कुलूप) घेतलंस, सोडलंस कुठे? मी फंक्शनमधून मधूनच रिटर्न केलं होतं, लॉक तसंच राहिलेलं, आणि प्रोग्राम बंद होताना कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तेच लॉक परत मागायला गेला. लॉक म्हणजे काय हे मी परीक्षेत पाच मार्कांना लिहिलं होतं, कळलं त्या दिवशी.

तर वेगळं काय मिळतं म्हणशील तर हे. शेजारी बसणारा सिनियर, संध्याकाळी सहानंतरही उघडी असलेली लॅब आणि चुकायला मिळालेला वेळ. बाबांना हेच सांग. डिग्रीचं नाव काय आहे यापेक्षा तिथली लॅब किती वाजेपर्यंत उघडी असते ते आधी विचार.

फळ्यासमोर

मी कॉलेजात शिकवतो. वरचं पटलं, पण कॉलेज म्हणजे वाईट असं धरून चालू नकोस. नवीन शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडे एमएस्सीची रचना बदलली आहे, पहिल्या सेमिस्टरला रिसर्च मेथडॉलॉजी, दुसऱ्याला ४ क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फिल्ड प्रोजेक्ट, आणि दुसऱ्या वर्षात दोन्ही सेमिस्टरला रिसर्च प्रोजेक्ट. कागदावर हे सगळीकडे आहे. फरक पडतो तो प्रोजेक्टला गाईड कोण मिळतो आणि तो दर आठवड्याला बसतो का यात, आणि तिथे मोठ्या डिपार्टमेंटला पीएचडीची मुलं असतात त्याचा फायदा होतो, कारण त्यांच्या अर्धवट प्रश्नांतूनच तुमचे प्रोजेक्ट निघतात.

गणेशखिंडची आणखी एक गोष्ट. आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था कॅम्पसमध्येच आहे, सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्थासुद्धा तिथेच सुरू झाली, १९८८ ला, आणि १९९१ चा परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर तिथलाच. आयुकातली जाहीर व्याख्यानं चुकवू नकोस, विषय आपला नसला तरी माणूस एखादा प्रश्न कसा धरतो ते समोर बसून बघायला मिळतं. विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय आहेच. सेमिनारला मुलं अटेंडन्सपुरती येतात याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण माझं स्वतःचं वाचन तिथूनच सुरू झालं.

सीईटीवाला

मी एमसीए केलंय आणि मला दुसरी बाजू मांडायची आहे, कारण माझ्याही घरी पैशाचाच प्रश्न होता. पूर्वी एमसीए तीन वर्षांचं होतं म्हणून लोक टाळायचे, २०२०-२१ पासून दोनच वर्षांचं झालंय त्यामुळे वेळ दोन्हीकडे सारखाच. सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) देऊन कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून, ॲडमिशन घेतलीस तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि पंजाबराव देशमुख वसतिगृह भत्ता या दोन योजना महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर बघ, उत्पन्नाच्या अटीत बसत असशील तर फी आणि राहण्याचा बराच भार हलका होतो, आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव, ऐनवेळी तहसीलला गर्दी असते. माझा दाखला आठ दिवस उशिरा आला आणि पहिल्या वर्षाचा हप्ता वडिलांना उसने घेऊन भरावा लागला होता.

बॅचमध्ये बीकॉम, बीए झालेली मुलंही असतात, बारावीला किंवा पदवीला गणित असलं की चालतं, त्यामुळे सुरुवातीचे महिने तुला माहीत असलेलंच येईल. तो वेळ वाया घालवू नकोस. आम्ही तिघांनी त्या वेळेत आयसीपीसी या प्रोग्रामिंग स्पर्धेची तयारी केली, तीन जण, एकच कॉम्प्युटर, पाच तास. पुढे गेलो नाही पण दुसऱ्याने लिहिलेला कोड कागदावर वाचून चूक काढायची सवय लागली, ती मला ऑफिसात रोज उपयोगी पडते.

संगमनेरकर_०४

सगळ्यांचे खूप आभार, रात्रीच बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी शिष्यवृत्तीची नावं वहीत लिहून घेतली आणि लॉकचा किस्सा दोनदा विचारला, म्हणाले गल्ल्याची किल्ली खिशात घेऊन घरी यायचं आणि मग सकाळी पोराने दुकान उघडायचं, तसंच ना? मी हो म्हटलं. आता सीईटीचा फॉर्म भरतोय आणि एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेचाही भरणार. एक विचारायचं होतं, एमएस्सीनंतर गेट ही परीक्षा देऊन एमटेकला जाता येतं का?

रात्रीची_लॅब

येतं. एमएस्सी कॉम्प्युटर सायन्सवर गेट देता येते, फक्त प्रत्येक ठिकाणची पात्रता आधी वाच. आयआयटी मुंबईत रिसर्च असिस्टंट म्हणून तीन वर्षांचा एमटेक असतो, तो तुझ्यासारख्यांनी जरूर बघावा.

आणि फॉर्म भरायच्या आधी एकदा स्वतः जाऊन ये. एसटीने वाकडेवाडीला उतर, तिथून विद्यापीठ लांब नाही. सुट्टी नसलेल्या दिवशी चारनंतर जा, लॅबच्या बाहेर जी मुलं दिसतील त्यांना सरळ विचार की सध्या कशावर काम करताय. बाबांनाही घेऊन जा जमलं तर.