एअरबॅगचा दिवा आणि यू०१५१ कोड

प्रश्न (वडोदरा): विश्वामित्री नदीचे पाणी गाडीत शिरल्यापासून एअरबॅगचा दिवा सतत पेटलेला असून स्कॅनरवर यू०१५१, म्हणजे एअरबॅग मॉड्यूलशी (एअरबॅग नियंत्रित करणाऱ्या संगणकाशी) संपर्क तुटल्याचा कोड येतो. मॉड्यूल बदलावे का?

उत्तर १: इतक्यात नको. बॅटरी काढून, काही मिनिटे थांबून, ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर जोडतात) ६ व १४ क्रमांकाच्या पिनांमधील रोध मोजावा. तो ६० ओहमच्या आसपास असल्यास कॅनची, म्हणजे मॉड्यूल एकमेकांशी संपर्क साधतात त्या तारांच्या जोडीची, मुख्य वाहिनी बहुधा शाबूत असते, तेव्हा मॉड्यूलचा फ्यूज, वीजपुरवठा व अर्थिंग तपासावे. १२० आल्यास वाहिनी कुठेतरी तुटलेली असावी.

उत्तर २: आधी गालिचा उचलून गंजलेले कनेक्टर पाहावेत. एअरबॅगच्या तारांना मात्र मल्टिमीटर मुळीच लावू नये, कारण त्याच्या प्रवाहाने एअरबॅग फुटण्याचा धोका असतो. मॉड्यूलच बुडाले असल्यास, खर्च झाला तरी, ते बदलावे.