सांगली: मार्टमधली मालाची तूट पगारातून कापताहेत, संमतीपत्रावर सही करावी का?

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मिरजेची. विश्रामबागच्या एका मोठ्या मार्टमध्ये तीन वर्षं कामाला आहे. मार्टचं नाव लिहीत नाही, मला नोकरी टिकवायची आहे. आधी बिलिंगला होते, आता कॉस्मेटिक सेक्शनला. कामाबद्दल तक्रार नाही. १ ते १० तारखेला महिन्याचा किराणा भरायला ही गर्दी, जेवायला चार वाजतात, दिवसभर उभं राहून पोटऱ्या भरून येतात. तेही अंगवळणी पडलंय.

प्रश्न गेल्या महिन्याच्या इन्व्हेंटरीचा आहे. रात्री दहाला शटर अर्धं ओढून मोजणी सुरू झाली ती दीडपर्यंत चालली. आम्ही चौघी बायका स्वतःच्या पैशाने रिक्षा करून घरी गेलो. आमच्या सेक्शनची तूट निघाली १८,४५० रुपये. आम्ही नऊ जण, म्हणून माणशी २,०५० कापणार. माझ्या हातात तेरा हजार येतात.

मोजणीच्या आठवडाभर आधी पापडाच्या पाकिटांमागे मला एका फेस क्रीमचा रिकामा खोका सापडला होता. आतली बाटली कुणीतरी काढून नेली होती. मी तो तसाच नेऊन मॅनेजरांच्या टेबलावर ठेवला. ते म्हणाले, "ड्युटीवर तूच होतीस ना?" त्या रॅकवर कॅमेरा नाही, हे त्यांनाही माहीत आहे. रोज रात्री गेटवर आमच्या पिशव्या, डबेसुद्धा उघडून बघतात. एवढं करून चोरीचे पैसे आम्हीच भरायचे? पैसे जातील, पुन्हा कमवू. पण सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं करून "तुमच्यातलंच कुणीतरी" म्हणाले, ते डोक्यातून जात नाही. आधीचे मॅनेजर असे नव्हते. तूट निघाली की तेच आमच्याबरोबर रॅक बघत फिरायचे.

आता "स्वखुशीने रक्कम देत आहे" असा छापील कागद आलाय. सोमवारपर्यंत सही हवी. काय करू?

प्रतिसाद

ताई, सही करू नका. मी कोल्हापुरात सहा वर्षं फ्लोअर मॅनेजर होतो, अशा कागदांवर सह्या घ्यायचं काम माझ्याकडेही आलं होतं. तुटीचा आकडा म्हणजे नुसती चोरी नसते. गाडीतून कमी उतरलेला माल, फुटलेला पण नोंद न केलेला माल, दोन शेड एकाच बारकोडवर मारलेलं बिल, सगळं त्यातच जातं. सेक्शनवार भागाकार करून ते वसूल करता येत नाही. १९३६ च्या वेतन कायद्यापासून नियम असा आहे, की माल त्या माणसाच्या ताब्यात दिलेला हवा, नुकसान त्याच्याच हलगर्जीपणामुळे झालेलं हवं आणि कपातीआधी त्याला बाजू मांडायची संधी द्यायला हवी. २०१९ च्या वेतन संहितेतही हे आहे.

कागद पुढे केला तर "मला मान्य नाही, तुटीचा तपशील लेखी द्यावा" असं लिहून तारीख घाला आणि फोटो काढून ठेवा. खोक्याची गोष्टही आजच मॅनेजरांना मेसेज करा, लेखी राहील. रिक्षाचंही सोडू नका. राज्याच्या २०१७ च्या दुकाने कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बायकांना थांबवायचं तर त्यांची संमती लागते आणि घरापर्यंत सोडायची सोय मालकाने करायची असते. जादा कामाचे पैसे दुप्पट दराने. हा कायदा २०२५ च्या दुरुस्तीपर्यंत दहा किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानांना लागू होता, आता वीस किंवा जास्त कामगार असलेल्यांना आहे. नाहीच ऐकलं तर सांगलीत सहाय्यक कामगार आयुक्तांकडे अर्ज द्या, शक्यतो चार-पाच जणांच्या सह्यांनी. पगाराच्या स्लिपवर मालक म्हणून कुणाचं नाव आहे तेही बघा.

धागाकर्ती

दादा, खूप आधार वाटला. स्लिप आत्ताच काढली. दिवाळीच्या महिन्यातही "इतर कपात ६००" आहे, तेव्हा लक्षच गेलं नव्हतं. माझ्या स्लिपवर मार्टचंच नाव आहे. पाच जण अर्जावर सही करायला तयार झालेत. सहावी मुलगी एजन्सीकडून आलेली आहे, कवठेमहांकाळहून रोज ये-जा करते, घरात तिचा एकटीचाच पगार. ती म्हणते, मला एका फोनवर काढतील. तिचं नाव अर्जात न घालता तिचेही पैसे मागता येतील का?