खरकटं वाढवलं आणि गॅस घटला
एका दादांनी लिहिलंय की बायोगॅसच्या टाकीत मैल्याच्या गाळाबरोबर खानावळीचं खरकटं वाढवलं तर गॅस उलट कमीच झाला. अहो, भात-चपाती पटकन आंबते, ॲसिड साचतं आणि मिथेन, म्हणजे जळणारा गॅस, करणारे जिवाणू पडले मंद, त्यांना ते झेपत नाही, पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ६.५ च्या खाली गेला की गॅस बसलाच म्हणायचा. काही दिवस खरकटं बंद ठेवा, मग रोज थोडं थोडं वाढवत न्या, पण बारीक वाटून. जोडी मात्र चांगलीय, गाळात नायट्रोजन, खरकट्यात कार्बन, कार्बनचं नायट्रोजनशी प्रमाण २० ते ३० ला १ धरायचं. लिंबू-संत्र्याच्या साली नकोच. आणि आपल्या बेळगाव-खानापूरकडं पावसाथंडीत टाकी गार पडते हो, तिला ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, खरकटं कोमट पाण्यात कालवून घाला, बाहेरनं भाताचं पिंजर गुंडाळा.