अनुभव धागा : अंतिम वर्षाचे प्रकल्प हायस्कुलाच्या वर्गात

दरवर्षी मे महिन्यात तोंडी परीक्षा आटोपली, की नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील अंतिम वर्षाचे कितीतरी प्रकल्प कपाटात जातात. तिकडे जिल्ह्यातल्या अनेक हायस्कुलांत ओहमचा नियम (तापमान स्थिर असताना व्होल्टेजच्या प्रमाणात विद्युतधारा वाढते) अजून फळ्यावरच सिद्ध होतो. हे प्रकल्प शाळेच्या कामी आणण्याचा प्रयत्न आपण केला असेल, तर जमले ते आणि फसले तेही लिहावे, ही विनंती.

विज्ञान शिक्षिका, पेठ तालुका : आमच्याकडे चार विद्यार्थी नववीच्या ‘धाराविद्युत’ या पाठासाठी संच घेऊन आले. व्होल्टेज बदलले, की पडद्यावर आलेख आपोआप उमटत असे. मुलांनी टाळ्या वाजवल्या, पण त्यांना स्वतः मोजण्यासारखे काही उरले नव्हते. मी पडदा काढायला सांगितले, तेव्हा ते चौघे हिरमुसले, कारण त्यांच्या गाईडना पडदाच हवा होता. अखेर पडद्यावर पुठ्ठ्याचे झाकण बसवले : आधी पाच नोंदी वहीत, मग आलेख हाताने आणि त्यानंतरच झाकण उघडायचे. रोध (धारेला अडथळा करणारे घटक) कमी पडले म्हणून एका गटाने टॉर्चचा बल्ब जोडला, तर त्यांची रेषा वाकू लागली. मुली आधी स्वतःचेच वाचन चुकले असे समजून तीनदा मोजत बसल्या. बल्बची तार तापली की तिचा रोध वाढतो, हे ध्यानात आल्यावर नियमातील ‘तापमान स्थिर असताना’ हे शब्द मला वेगळे समजावावे लागले नाहीत.

माजी विद्यार्थी, निफाड : आमच्या गटाने शाळेच्या गच्चीवर तापमान व आर्द्रता नोंदवणारे छोटे केंद्र बसवले होते. वर्गातील बहुतेकांच्या घरी द्राक्षबागा असल्याने विषय जवळचा होता, परंतु आम्ही ते मे महिन्यात बसवले, म्हणजे शाळेला सुट्टी आणि बागेचा हंगाम संपलेला. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या भीतीने दमट हवेकडे सगळ्यांचे डोळे लागतात, तोवर आम्ही नोकरीच्या गावी पोहोचलो होतो आणि नोंदी ज्या खात्यावर जमा होत, त्याचा पासवर्ड माझ्या जुन्या फोनमध्ये राहिला होता. दोष आमचाच.

पालक, सिडको : मुलाच्या शाळेत आलेला संच चक्क विकत आणलेला होता. मुलांच्या पहिल्याच प्रश्नाला गटातील कोणालाही उत्तर देता आले नाही.

प्रकल्प मार्गदर्शक, नाशिक : आमच्याकडील गुणांच्या तक्त्यात ‘शाळेने वापरले का’ असा रकानाच नाही, त्यामुळे गटांना तरी किती बोल लावावा? आता मी जुलैमध्ये, विषय ठरण्यापूर्वीच, गटाला हायस्कुलात पाठवतो आणि मागच्या बाकावर दोन तास गुपचूप बसायला सांगतो. संच डिसेंबरपर्यंत शाळेत पोहोचलाच पाहिजे, अशी माझी अट आहे. जानेवारीत शिक्षक त्यातील एक तार मुद्दाम सोडवतात आणि नववीच्या मुलांनी आमच्या गटाच्या मदतीशिवाय ती जोडून दाखवायची असते. गेल्या वर्षी मुलांनी ती जोडली, पण उलटी.